वीस गुणांचं बोलणं

पत्रिकेत आजचा विषय ‘माध्यमिक शाळा आणि संवादकौशल्य’ असा छापलाय. ‘संवादकौशल्य’ हा शब्द मला फारसा रुचत नाही, पण त्याच्याशी भांडत बसत नाही. तीस वर्षं मी नववी-दहावीला मराठी शिकवलं. त्यामुळे आजचं बोलणं सिद्धांतापेक्षा मागच्या बाकांकडून जास्त येणार आहे. माझी तक्रार एकच आहे. मुलांना दुसऱ्याशी बोलायला शिकवतो असं आपण म्हणतो, आणि प्रत्यक्षात त्यांना परीक्षकासमोर उभं राहायला शिकवतो. शब्दांच्या बाबतीत हेच होतं, आणि नजर, हातवारे, आवाज यांच्या बाबतीत तर जास्तच.

आधी गुणांचं बघू, कारण आपल्याकडे सगळं तिथूनच सुरू होतं. २०१९ची दहावी आठवा. भाषा विषयांतले शाळेच्या हातातले २० गुण त्या वर्षी काढले आणि लेखी पेपर १०० गुणांचा केला. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, पण गहजब झाला तो त्या वीस गुणांवरून. पुढच्या वर्षापासून ते परत आले. तेव्हाची चर्चा मी बरीच वाचली. अकरावीचे प्रवेश, इतर मंडळांच्या मुलांशी तुलना, टक्केवारी, सगळं त्यात होतं. तोंडी परीक्षा गेली, आता मुलांच्या बोलण्याचं काय होणार, हा प्रश्न मात्र मला कुठे ठळकपणे दिसला नाही. कारण आतून सगळ्यांना ठाऊक होतं की त्या गुणांचा बोलण्याशी फारसा संबंध उरलेला नव्हता. तोंडी म्हणजे बऱ्याच ठिकाणी काय? एक पाठ केलेली कविता, ठरलेले चार प्रश्न आणि सरसकट अठरा. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हालाही पडले असणार.

बरं, जिथे ही परीक्षा मनापासून घेतात तिथे काय होतं? तिथे मला जास्त काळजी वाटते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आजीचं बँकेतलं काम तीच करायची. रेशनच्या दुकानात म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटला नाही की दुकानदाराशी बोलून मार्ग काढायची. कुणाशी आवाज चढवायचा, कुठे गप्प राहायचं, कुठे ‘काका’ म्हणायचं, हे तिला बरोबर कळत होतं. तोंडीच्या वेळी दुसऱ्या तुकडीच्या बाईंसमोर ती मान खाली घालून उभी राहिली, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली आणि बारा गुण घेऊन परत आली. शेरा होता, ‘आत्मविश्वास कमी, नजर मिळवत नाही.’

या शेऱ्यात दोन गोष्टी आहेत. पहिली उच्चारांची. ‘ण’च्या जागी ‘न’ हा महाराष्ट्राच्या कितीतरी भागांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उच्चार आहे. प्रमाण उच्चार शिकवू नये असं मी म्हणत नाही, जरूर शिकवावा. पण मूल काय सांगतंय ते समोरच्याला पूर्ण कळलेलं असताना केवळ त्या ‘न’साठी संवादाचे गुण कापणं म्हणजे मोजायची वस्तूच बदलणं झालं.

दुसरी गोष्ट नजरेची, आणि ती जास्त अवघड आहे. ज्या घरातून ती मुलगी येते तिथे मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला की लगेच ऐकायला मिळतं, ‘वर तोंड करून बोलतेस?’ पंधरा वर्षं तिच्या अंगात मुरवलेलं वळण आहे ते. खाली बघणं हा तिच्या लेखी आदर होता. आपल्या तक्त्यात तो न्यूनगंड म्हणून नोंदवला गेला. शाळेचं काम तिला एवढंच सांगण्याचं होतं की, ‘बाळ, घरी याचा अर्थ असा होतो, मुलाखतीच्या टेबलासमोर तसा होतो. दोन्ही माहीत असू देत.’ हे कुणी सांगत नाही. ‘नजर मिळवा’ असं फर्मान निघतं आणि मुलं परीक्षकाकडे टक लावून बघायला लागतात.

आपल्या परंपरेत तर देहबोलीचा विचार किती जुना! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आठ सात्त्विक भावांत स्वेद म्हणजे घाम, स्वरभंग म्हणजे आवाज फाटणं, वेपथू म्हणजे कापणं आणि वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणं, हे येतात. आता तोंडीच्या रांगेतलं एखादं पोर डोळ्यांपुढे आणा. चारही भाव एका वेळी! (हशा) भरतमुनींच्या लेखी हे मनातून उमटतं, नुसते हातपाय हलवून आणता येत नाही. आपण मात्र त्याचेच गुण कापतो. ते घाबरलंय हे त्याचं शरीर इतक्या स्पष्टपणे सांगतंय आणि वाचता येत नाहीये ते आपल्याला.

आता त्या आकड्यांबद्दल बोलते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक तक्ता हमखास असतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून आले. प्रयोग काय होते? सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणायचे, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे, नावड आहे की काहीच नाही. भावना आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतंच ते होतं. सगळ्या बोलण्याला हे सूत्र लागू नाही, हे खुद्द मेहरेबियन यांनीच स्पष्ट केलंय. आणि साधा विचार करा. शब्दांचा वाटा ७ टक्केच असता तर आज मी कन्नडमधून बोलले असते तरी तुम्हाला ९३ टक्के कळलं असतं की!

हा तक्ता शाळेत पोचला की नुकसान होतं. मुलांना वाटतं, काय सांगायचं ते महत्त्वाचं नाही, कसं दिसायचं ते महत्त्वाचं. मग वक्तृत्व स्पर्धेत ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’पासून सगळं बसवलेलं असतं. भाषण वडिलांनी लिहिलेलं, ‘क्रांती’ शब्दावर उजवा हात वर. स्पर्धांना माझा विरोध नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या परंपरेतच मी इथे माइक धरून उभी आहे. पण व्याख्यानात एकाने बोलायचं असतं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पंधरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात असं बोलावं लागणार आहे किती वेळा? त्याहून कितीतरी जास्त वेळा त्याला आरोग्य केंद्रात ‘नेमकं कुठे दुखतं, कधीपासून’ हे दोन मिनिटांत सांगावं लागेल. मुलीला ‘नाही’ म्हणावं लागेल. आणि हे ‘नाही’ हसत म्हणायची सवय आपणच तिला लावलेली असते, कारण चांगल्या घरच्या मुली हसून बोलतात. तोंडातून ‘नाही’, चेहऱ्यावर हसू. समोरचा त्याच्या सोयीचा अर्थ घेतो. शब्द आणि चेहरा एकमेकांशी जुळवायला शिकवणं म्हणजे काय, ते मला इथे कळतं. आठवीपासून प्रत्येक मुलीशी यावर बोलायला हवं. मुलांशीही, कारण ते हसू म्हणजे होकार नव्हे हे त्यांना कळायला हवं.

वर्गात मी काय करायचे ते सांगते आणि थांबते. ‘बघू’ हा शब्द घ्यायचा. बाबा ‘बघू’ म्हणाले तर त्याचा अर्थ नाही. आई म्हणाली तर कदाचित हो. सरकारी कचेरीतला साहेब म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा खेप. एका मुलाने हा शब्द म्हणायचा आणि बाकीच्यांनी सांगायचं, कोण बोललं, कुणाला, हो की नाही, आणि मुख्य म्हणजे कशावरून ओळखलं. वर्गात भांडणं व्हायची. एकाला वाटायचं चिडून म्हटलं, दुसऱ्याला वाटायचं थकून. मग म्हणणाऱ्यालाच विचारायचं. ओळखणाऱ्यांत ती बँकेत जाणारी मुलगी सगळ्यात पुढे असायची.

वीस गुण ठेवायचेच असतील तर त्यातले दहा ऐकणाऱ्याला द्या, अशी माझी जुनी सूचना आहे. दोघांनी एकमेकांशी बोलायचं, आणि समोरच्याने काय सांगितलं ते दुसऱ्याने त्याला पटेल असं परत सांगायचं. पटलं की नाही ते सांगणाऱ्याने ठरवायचं, परीक्षकाने नाही. साठ मुलांच्या वर्गात हे कसं करायचं, असं शिक्षक मंडळी विचारतील, आणि रास्त विचारतील. माझ्या वर्गातही साठच होती. तीस जोड्या, एकाच वेळी, प्रचंड गोंगाट. शेजारच्या वर्गावरचे सर दोनदा दारात येऊन उभे राहायचे. आता प्रश्न असतील तर घेऊ.