कादंबरीकाराचे घर : परभणीच्या निमित्ताने

थोर कादंबरीकाराचे घर पाहावयास जाणारा यात्रेकरू बहुधा खुर्ची, दौत आणि खाट पाहून परत येतो. आम्हांस ह्या भक्तीची निंदा करावयाची नाही. परंतु ‘ही खुर्ची त्यांचीच, यास प्रमाण काय?’ हा प्रश्न संशोधकाने न विचारावा तर कोणी विचारावा ?

पालगड येथे साने गुरुजींचे जन्मघर जपले आहे, हे योग्यच झाले. पण ज्या पुस्तकामुळे ते घर महाराष्ट्राच्या मनात बसले ती ‘श्यामची आई’ लिहिली गेली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. तेव्हां पालगडास पाहावयाचे ते पुस्तकातले घर. पुस्तक लिहिण्याचे घर नव्हे. हा भेद पाटीवर स्पष्ट नोंदला, तर घराची थोरवी काही उणी होत नाही. रशियातील यास्नाया पोल्याना येथेही टॉलस्टॉय ज्या मोठ्या वाड्यात जन्मले तो वाडा आज नाही. तो १८५४ साली विकला जाऊन मोडून नेला गेला. आज संग्रहालय आहे ते शेजारच्या घरात. ते ज्या कोचावर जन्मले तो काळा कोच मात्र तेथे आहे. हस्तलिखिते कोठे ? ती मॉस्कोस. कारण त्यांच्या पत्नीने ती त्यांच्या हयातीतच तेथील संग्रहालयात नेऊन ठेविली होती. १९४१ साली जर्मन सैन्य त्या घरात शिरले, तेव्हां ह्या दूरदृष्टीची किंमत कळली.

आता परभणीकडे वळू. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ साली सातोना येथे झाला. तेव्हां हे गाव निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेल्यामुळे आज ते त्या जिल्ह्यात मोडते. जन्मस्थळाचा वाद घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ शाई वाचेल. पुढे बांधकाम खात्यात नोकरी, परभणीस वास्तव्य, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच मृत्यू. ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’ ह्या कादंबऱ्यांचा हा कर्ता जेमतेम चाळीस वर्षे जगला.

अशा लेखकाचे घर उभारावयाचे तर काय ठेवावे ? आमच्या मते दिवाणखाना सजविणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. त्या काळचा कंदील बाजारात मिळतो. त्याखाली ‘लेखकाचा कंदील’ असे लिहिण्यास फार धैर्य लागत नाही. प्रत्येक वस्तूवर ‘त्यांची’, ‘त्या काळची’ किंवा ‘आजची’ अशी तीनपैकी एक पाटी लावावी. मग कोणते दालन किती रिते होते ते पाहावे. रिते दालनही खरे असल्यास आम्हांस चालेल.

खरे धन कागदाचे. ज्या मनुष्याच्या कचेरीची भाषा १९४८ पर्यंत उर्दू आणि लेखनाची भाषा मराठी, त्याचा एखादा कचेरी-टिपणाचा कागद व एखाद्या प्रकरणाचा कच्चा खर्डा शेजारी ठेविला, तर त्याच्या गद्याविषयी दहा व्याख्यानांहून अधिक कळेल. त्यासाठी खात्याच्या जुन्या दप्तरांत शोध घ्यावा लागेल. आणि १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला असल्याने परभणीच्या कपाटांवर विसंबून भागणार नाही, हैदराबादेसही जावे लागेल. छापील पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, प्रकाशकांशी पत्रव्यवहार, मासिकांतून आलेल्या कथांचे मूळ अंक, ही सर्व सामग्री ह्याच कामाची. परभणीचा उन्हाळा आणि वाळवी घराच्या भिंतींवर दया करतील. कागदावर करीत नाहीत.

ज्या संग्राहकांजवळ रघुनाथांच्या हातचा एखादा कागद असेल, त्यांनी तो पुठ्ठ्यावर चिकटविण्याची घाई करू नये. पाठीमागे काय लिहिले आहे ते आधी उतरून घ्यावे, आणि कागद कोणाकडून, कोणत्या साली मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवावे.