बहिणाबाईंचे आत्मनिवेदन आणि आपले निरूपण

संत बहिणाबाई शिऊरकरांचे चरित्र आपल्या कीर्तनांतून पुष्कळ सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते. पाया आणि कळसाच्या अभंगावर निरूपण रंगते, वासराची गोष्ट येते, तुकोबारायांचा स्वप्नानुग्रह येतो, आणि वक्ता समारोपाला लागतो: पतीने छळले, बाईंनी सोसले, म्हणून पती सुधारला, पतिव्रतेचा महिमा असा असतो. श्रोत्यांच्या डोळ्यांना पदर लागतात. प्रश्न एवढाच, की बहिणाबाईंच्या गाथ्यात हे असे लिहिले आहे काय?

(नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. अहिराणी-लेवा वळणाच्या ओव्या रचणाऱ्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. या त्यांच्याआधी अडीचशे वर्षे झाल्या.)

आधी हकीकत पाहू. वेरूळजवळच्या देवगावी शके १५५०, म्हणजे इ.स. १६२८ च्या सुमारास बाईंचा जन्म. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी लग्न झाले. नवरदेव बिजवर, वय तीस. पुढे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि फिरत फिरत सगळे कोल्हापुरास आले. तेथे दान मिळालेल्या गाईच्या वासराला या मुलीचा इतका लळा लागला, की ते तिच्या मागोमाग जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जाई. एके दिवशी स्वामींनी दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. गंगाधरपंतांना ते सहन झाले नाही. त्यांनी वेणी धरून तिला मनसोक्त मारले. तिचे वय तेव्हा अकरा वर्षांचे होते.

हे कोणी शत्रूने लिहिलेले नाही. स्वतः बाईंनी लिहिले आहे, आणि पती सुधारल्यानंतर, वय झाल्यानंतर लिहिले आहे. त्यांना ते गाळता आले असते. संसार नीट लागला, मुलगा-मुलगी झाली, आता जुने कशाला उगाळा, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. बाईंनी वेणीही ठेवली आणि मारही ठेवला. आपण मात्र तो अभंग ओलांडून पुढे जातो.

याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट देहूची आहे. मंबाजींनी बहिणाबाईंच्या गाईला कोंडून मारले आणि त्याचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उठले, हा प्रसंग आपण किती कळवळून सांगतो! तो सांगावाच. पण गाईच्या पाठीवरचे वळ सांगताना ज्याचा कंठ दाटतो, त्याला त्याच गाथ्यातील पोरीच्या अंगावरचे वळ दिसू नयेत, हे निरूपण झाले काय?

पूर्वपक्ष दुबळा नाही, हेही मान्य केले पाहिजे. पती आपल्याला टाकून निघाला आहे असे कळल्यावर बाई मनाला समजावतात, की न दिसणाऱ्या देवापेक्षा आणि स्वप्नातल्या गुरूपेक्षा समोरच्या पतीची सेवा बरी. पतिव्रताधर्मावर त्यांचे स्वतंत्र अभंगही आहेत. कीर्तनकार याच अभंगांचे प्रमाण देतात, आणि शब्द पाहिले तर ते बरोबर देतात.

परंतु ग्रंथाचे तात्पर्य एका वचनावरून काढायचे नसते, हे आपल्याला पहिल्याच पाठात शिकवलेले असते. उपक्रम-उपसंहार पाहावा, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती पाहावी, अर्थवाद कोणता ते पाहावे. ही कसोटी येथे लावू. उपक्रम गुरुपरंपरेचा आहे: आदिनाथांपासून निघून, आपल्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे येऊन, तो तुकोबारायांपर्यंत पोहोचतो. उपसंहारात बाई अंतकाळी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगतात. वारंवार येतो तो तुकोबांचा ध्यास. पतीचे सुधारणे आरंभीही नाही आणि शेवटीही नाही. ते मधल्या वाटेवरचे एक वळण आहे. मग त्यालाच फळ कसे म्हणावे?

आणि तो सुधारला कशाने? गाथा तेही सांगतो. जाण्याच्या बेतात असताना गंगाधरपंतांना ज्वर आला. बाईंनी शुश्रूषा केली, हे खरेच. परंतु पालट झाला तो एका वृद्ध ब्राह्मणाच्या बोलण्याने, आणि त्या बोलण्याचा रोख असा, की हिला टाकतोस, तर हिचा अपराध काय? सोसणाऱ्याला आणखी सोस म्हणायला तेथे कोणी आले नाही. मारणाऱ्याला विचारायला कोणीतरी आले. आपल्या निरूपणात तो म्हातारा ब्राह्मण चमत्कारापुरता येतो आणि त्याचा प्रश्न तेवढा राहून जातो.

पती जाणार या भयात केलेला तो निश्चयही बाईंच्या हातून पुढे पाळला गेलेला दिसत नाही. त्या देहूला गेल्या, तुकोबांचे कीर्तन ऐकत राहिल्या, शिष्यत्व घ्या म्हणणाऱ्या मंबाजींना दोघांनीही नकार दिला. घरातले सगळे केले. पण गुरू कोण, नाम कोणाचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी नवऱ्यालाही दिला नाही आणि गावालाही दिला नाही. एक जागा राखून ठेवली. आमच्या इगतपुरीकडे पावसाचा जोर केवढा, आणि तरी खाचराला बांध लागतोच. बांध शेजाऱ्याशी भांडण्यासाठी घातलेला नसतो. तो फुटला की माती वाहून जाते, आवणीचे रोप वाहून जाते. ‘मर्यादा’ हा शब्द आपण इतकी वर्षे बायकांनी काय करू नये एवढ्यासाठी वापरला, की तिच्यापाशी इतरांनी कोठे थांबावे हाही त्याचा अर्थ आहे, हे विसरूनच गेलो.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. भाताची सोंगणी उरकली की इगतपुरी-घोटीच्या गावांत सप्ते बसतात. अशाच एका सप्त्यात बहिणाबाईंवरचे कीर्तन संपल्यावर एक मुलगी पाया पडायला आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, मीपण सोसलं तर माझा माणूस सुधरंल ना? अजून किती वर्षं?” तिच्या मनगटावर जुनी खूण होती. मी म्हणालो, “पोरी, ग्रंथात तसं वचन नाही.” तिला धक्का बसला असेल. पण खोटे प्रमाण देऊन पाठवणे माझ्याने झाले नाही.

वेदान्तात आशा हा पाश मानला आहे, आणि तो कसा आवळतो हे अशा घरांत कळते. आज नाही तर उद्या हा बदलेल, पोरांकडे पाहून बदलेल, माळ घातल्यावर बदलेल. सगळी आशा दुसऱ्याच्या मनावर टांगलेली. संतांचा शब्द भरवसा हा आहे. भरवसा विठोबावर असतो, म्हणून तो नवरा बदलला तरी राहतो आणि न बदलला तरी राहतो. बहिणाबाईंना मार बसला तेव्हा त्यांच्यापाशी आशेला जागा नव्हती. भरवसा होता.

कोणी म्हणतील, तितिक्षेचे काय? तितिक्षा हे मुमुक्षूने आपण होऊन घेतलेले साधन आहे. ते दुसऱ्याच्या पाठीवर लादता येत नाही. नारदभक्तिसूत्रांत दुःसंग टाकायला सांगितला आहे. त्याचे निरूपण करताना आपण गुत्ता सांगतो, जुगाराचा अड्डा सांगतो. दुःसंग माजघरातही असू शकतो, हे सांगताना मात्र जीभ अडखळते. कऱ्हाडच्या सखूची कथा आठवा. प्रभातने १९४१ साली तिच्यावर चित्रपट काढला, तो जुन्या मंडळींनी पाहिला असेल. सासरच्यांनी बांधून घातलेल्या सखूला पांडुरंगाने दोर सोसण्याचा उपदेश केला नाही. दोर सोडला, तिला पंढरीच्या वाटेला लावले आणि तिच्या जागी स्वतः बांधून घेतले.

देवाने केले ते आपल्याला साधणार नाही. पण त्या वृद्ध ब्राह्मणाने केले ते गावातल्या कोणाही माळकऱ्याला साधण्यासारखे आहे. दारात जाऊन विचारावे, हिचा अपराध काय? ऐकले नाही तर मुलीला माहेरी पोचवावे, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, बायकांसाठी १८१ हा फोन नंबर आहे. काल्याच्या दिवशी दहीहंडीआधी एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते. देणगीदारांची नावे वाचायला आपण याहून जास्त वेळ घेतो.

आणि तरुण कीर्तनकारांनी एकदा तो गाथा मुळापासून वाचावा. जस्टिन अॅबट या परदेशी पाद्र्याने १९२९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले, ते वेणीच्या अभंगासकट. त्याच गाथ्यात वेद-पुराणे स्त्रीला अधिकार नाही म्हणतात, मग मी परमार्थ कसा साधू, असे विचारणारा अभंग आहे, आणि खरा ब्राह्मण कोण याची उलटतपासणी करणारे वज्रसूचीचे मराठी रूपही आहे. अकराव्या वर्षी मार खाल्लेल्या बाईंनी ते लिहिले. त्या बहात्तर वर्षे जगल्या. शिऊरला त्यांची समाधी आहे. वैजापूरकडे जाणे झाले तर दर्शन घ्यावे.