पेटी केवढ्याला, ते कुठे लिहिलंय?

एप्रिलच्या मध्यावर पुण्या-मुंबईतलं गिऱ्हाईक मोबाइलवर देवगड हापूस शोधतं, तेव्हा त्याच्या डोक्यात चारच प्रश्न असतात. पेटी केवढ्याला, पेटीत डझन किती, फळ केवढं आणि घरपोच कधी. बागायतदाराची वेबसाइट उघडावी, तर आधी बागेवरून फिरलेल्या ड्रोनचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. मग ‘आमच्याविषयी’. मग आजोबांनी कातळावर कलमं कशी जगवली त्याची हकिगत, आणि चार रंगीत चौकटींत गुणवत्ता, विश्वास, परंपरा, समाधान. भावाच्या आशेने तळाशी पोचावं तर तिथे फॉर्म: नाव, ईमेल, विषय, संदेश. आंबे घ्यायला आलेल्या माणसाने विषय काय लिहायचा?

भाव का लिहीत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: आंब्याचा भाव रोज बदलतो. खरंच आहे. वाशीला आवक वाढली की तो उतरतो, पाडव्याच्या पेटीचा भाव मे महिन्यात राहत नाही. पण हेच बागायतदार रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तारीख घालून भाव टाकतात. ‘आजचा दर, पाच डझनी, सहा डझनी, घरपोच वेगळे’ असं अगदी नेमकं. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवं ते त्यांना चोख कळतं. पेढीवर, फोनवर, स्टेटसवर ते बरोबर बोलतात. वेबसाइटवर मात्र जीभ अडखळते, कारण ती गिऱ्हाइकासाठी बनवलेलीच नसते. मराठी छोट्या-मध्यम उद्योगांच्या वेबसाइटी बघत गेलं की हाच दोष पुन्हापुन्हा दिसतो. त्या लग्नपत्रिकेसारख्या छापलेल्या असतात: घरातलं कुणाचं नाव राहून जायला नको, एवढीच काळजी.

हे आजचं नाही. 2000 नंतरच्या दशकात फ्लॅशमध्ये केलेली नाचरी सुरुवात असे. लोगो फिरत यायचा, संगीत वाजायचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘स्किप’ लिहिलेलं असायचं. गिऱ्हाइकाच्या सगळ्यांत उपयोगाची गोष्ट तीच. शिवाय साइटीवर आलेले आपण कितवे, ते सांगणारा आकडा. गंमत अशी की ‘मला विचार करायला लावू नका’ अशा अर्थाच्या नावाचं स्टीव्ह क्रुग यांचं वेबसाइटींविषयीचं पुस्तक 2000 सालीच आलं होतं, आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान आपोआप बसवून घेण्याची ‘रिस्पॉन्सिव्ह’ पद्धत ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडली. तंत्र उशिरा आलं, असं म्हणायला जागा नाही. 2016 मध्ये जिओनंतर डेटा स्वस्त झाला आणि बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवर आलं. वेबसाइटीची पसंती मात्र अजून ऑफिसात, मोठ्या पडद्यावर, वायफायवर होते. मालक मागे उभा राहून ‘लोगो अजून थोडा मोठा’ म्हणतो आणि काम मंजूर होतं. गूगलच्या निकषानुसार पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. एसटीत बसून, घाटात, रेंज येत-जात असताना ते ड्रोनचं चित्रीकरण किती सेकंदांत उघडतं, हे मालकाने कधी पाहिलेलं नसतं.

देवनागरीची कथा वेगळी, कारण इथे एके काळी सबब खरी होती. फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसला की मराठीच्या जागी अगम्य चिन्हं उमटत. म्हणून मजकुराची चित्रं करून चिकटवली जात. युनिकोड रुळल्यावर ते संपलं. ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू यांसारखे चांगले फॉन्ट आता फुकट मिळतात. तरीही मराठी पानं बघवत नाहीत, याचं कारण डिझायनरचे हात इंग्रजीवर बसलेले. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत अंतर वाढवलं की ती ऐटदार दिसतात. तीच सेटिंग देवनागरीला लावली की शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर एकटं लोंबकळतं. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाने ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आपटतात. बटणाची उंची पक्की असेल तर रफार कापला जातो. ‘ऑर्डर करा’ या बटणातच रफार आहे, आणि नेमकं तेच बटण दाबलं जावं अशी अपेक्षा असते! एका नजरेत सापडणारा हा दोष सुधारायला पाच मिनिटं लागतात. पण ते पान मराठी डोळ्यांनी एकदा वाचावं लागतं.

याच्या उलट टोकाला मोठ्या कंपन्या आहेत. त्यांनी गिऱ्हाइकाचा अभ्यास इतका केला आहे की तो त्याच्यावरच उलटतो. ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई, बिलात गुपचूप घातलेला विमा, शेवटच्या पायरीवर उगवणारं शुल्क. अशा 13 फसव्या पद्धतींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली. आपला बागायतदार यातलं काही करत नाही, हे त्याचं मोठेपण. पण प्रामाणिक माणसाची साइट अडाणी आणि लबाडाची गुळगुळीत, अशी सध्याची वाटणी आहे, आणि त्यात गिऱ्हाईक कुठे जातं ते उघड आहे.

मालवण-तारकर्लीकडच्या घरगुती निवासांचंच बघा. फोनवर काय विचारलं जातं? कमोड आहे का. आईचे गुडघे दुखतात, खोली खालीच मिळेल ना. गाडी अंगणापर्यंत येते का. कुठल्या सिमला रेंज आहे. आमच्यात दोघं शाकाहारी, त्यांचं काय. घरातली वहिनी दिवसातून दहा वेळा ही उत्तरं न कंटाळता देते. ती जशी बोलते तसं लिहिलेलं पान क्वचित सापडतं: ‘समुद्र चालत सात मिनिटं, पण वाट वाळूची, बॅगा ओढता येणार नाहीत.’ अशा एका वाक्याने जो भरवसा बसतो तो सूर्यास्ताच्या वीस फोटोंनी बसत नाही. बाकीकडे सूर्यास्तच.

यावर अनेकांनी तोडगा काढला आहे तो म्हणजे वेबसाइटीचा नाद सोडून देणं. 2018 पासून व्हॉट्सॲप बिझनेस आहे, तिथे मालाची यादी लावता येते, पैसे यूपीआयने येतात. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी हे उत्तमच. पण स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याला ते दिसतच नाही. अनोळखी माणूस अजूनही शोधत शोधत वेबसाइटीवरच येतो. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हे त्याने ऐकलेलं असतं. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चिन्ह बॅनरवर दिसतं, पण या बागायतदाराचा नोंदणी क्रमांक काय, हे मात्र बहुधा लिहिलेलं नसतं.

मूळ दुखणं वेबसाइट बनवणाऱ्याच्या कोटेशनात आहे. डोमेन, होस्टिंग, पाच पानं, स्लायडर, लोगो फुकट. या यादीत मजकुराची ओळच नसते. तो कुणी लिहायचा, त्याचे पैसे किती, आणि उद्या भाव बदलला तर मालकाला स्वतःच्या मोबाइलवरून तो बदलता येईल का, यावर अवाक्षर नसतं. मग साइट सुरू व्हायच्या आदल्या रात्री कॉलेजातला पुतण्या इंग्रजीत काहीतरी लिहून देई. हल्ली तो मजकूर एआयकडून लिहून घेतला जातो, त्यामुळे आंब्याची बाग, नर्सिंग होम आणि बोअरवेलवाला हे तिघेही ‘आपल्या समाधानासाठी कटिबद्ध’ असतात, आणि पेटीचा भाव विचारायला फोनच करावा लागतो.