ओरत्तनाडूचे छत्र आणि आपले संशोधन

तंजावरच्या मराठी राजवटीविषयी आपल्या भाषेत जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे बृहदीश्वराच्या मंदिरातील 1803 चा प्रदीर्घ मराठी शिलालेख व मोडी कागद यांवर उभे आहे. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र पाहिले म्हणजे या लेखनातील उणीव डोळ्यांत भरते.

दुसऱ्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या दिवंगत प्रेयसीच्या नावे हे छत्र बांधविले. जोत्याशी हत्ती-घोडे कोरून वास्तूस रथाचे रूप दिले आहे. आमचे लेखक येथवर येतात, रथाची वाहवा करतात आणि परततात. छत्र मात्र रामेश्वरच्या वाटेवरील माणसांसाठी होते. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला; तरी छत्रे आपल्याच हाती राहावीत म्हणून महाराजांनी 1801 मध्ये रेसिडेंट टोरिन यांस पत्र लिहिले. सर्व जातींच्या वाटसरूंस शिजलेले अन्न, आजाऱ्यास औषध, गरोदर स्त्रीची देखभाल, हे त्यातील मुद्दे. पुढे मुक्तांबाळ छत्रात शाळा भरू लागली. म्हणजे या भिंतींची निम्मी हकीकत येथे जेवलेल्या आणि शिकलेल्या घराण्यांपाशी आहे, आणि ती तमिळमध्ये आहे.

तमिळ विद्वानांनी आपला वाटा उचलला: तंजावरच्या तमिळ विश्वविद्यालयाने मोडी कागद तमिळमध्ये आणविले. उलट दिशेने, गावाची आठवण मराठीत आणण्याचा तसा उद्योग आमच्या पाहण्यात नाही. ‘आपली वास्तू’ म्हणताना तिच्याभोवती राहणाऱ्यांस राखणदार समजण्याची सवय आम्हांस जडली आहे, असे आम्हांस वाटते.

शिवगंगा जिल्ह्यातील कीळडी येथे उत्खनन झाले ते शेतकऱ्यांच्या नारळीच्या बागांत, त्यांच्या संमतीने. सापडलेल्या वस्तू दूर मैसुरास जाऊ नयेत, हा वाद 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2023 मध्ये त्याच गावी संग्रहालय उघडले. जुनी वस्तू कोठे ठेवावी, यात गावालाही बोलू द्यावे लागते, एवढे तेथे दिसून आले.

बदलीने या मुलुखात येणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कोणी मोडी जाणत असेल, तर त्याने हिशेबाची वही घेऊन ओरत्तनाडूच्या एखाद्या वृद्ध तमिळ शिक्षकाशेजारी बसावे. वहीत तांदूळ किती मापला ते असेल. चूल कोणत्या खोलीत पेटे, हे तो सांगेल. डागडुजीचा नकाशा त्यानंतर काढावा.