पाषाण, प्रकाशरेषा आणि विस्मृती : स्टोन माउंटन येथील लेसर प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरंजन-उद्यानांतील रात्रीचे खुले प्रयोग हा एक स्वतंत्र दृश्यप्रकार म्हणून पुढे आला. आतषबाजी, कारंजी, संगीत, लेसर आणि प्रक्षेपित चित्रे यांच्या मेळातून हजारो प्रेक्षकांना एकाच वेळी दिपवून टाकणे, हे त्याचे उघड प्रयोजन होय. साहजिकच या प्रयोगांची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते आणि त्यांतून काय सांगितले जाते, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराजवळील स्टोन माउंटन उद्यानात १९८३ साली सुरू झालेला लेसर प्रयोग या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. त्याचा पडदा म्हणजे प्रत्यक्ष डोंगराचा कडा; आणि त्या कड्यावर आधीच एक शिल्प कोरलेले आहे. प्रस्तुत लेखात या प्रयोगातील एका प्रसिद्ध दृश्याच्या आधारे लेसरची रेषा आणि इतिहासाचे कथन यांतील संबंध तपासला आहे.

पडद्याचा पूर्वेतिहास

स्टोन माउंटनवरील उठावशिल्पात यादवी युद्धातील दक्षिणेचे तीन नेते अश्वारूढ दाखविले आहेत : जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. शिल्प सुमारे ९० फूट उंच व १९० फूट रुंद असून जमिनीपासून सुमारे ४०० फुटांवर आहे. याच डोंगरावर १९१५ साली कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे पुनरुज्जीवन झाले. १९२० च्या दशकात सुरू झालेले शिल्पकाम १९२८ मध्ये थांबले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल १९५४ साली लागला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, जॉर्जिया राज्याने हा डोंगर विकत घेतला. १९६४ मध्ये काम पुन्हा सुरू होऊन १९७२ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे शिल्पाचा विषय १८६१ ते १८६५ च्या युद्धाचा असला, तरी त्याची पूर्तता नागरी हक्क चळवळीच्या काळातील आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणात स्वातंत्र्याचा नाद जेथून घुमावा अशा स्थळांत या डोंगराचे नाव घेतले, ते उगीच नव्हे.

रेषेचे तंत्र आणि रेषेचा आशय

लेसरने चित्र काढण्याची पद्धत मूलतः सोपी आहे. एकच किरण दोन लहान आरशांवरून परावर्तित होतो. एक आरसा त्यास आडव्या, तर दुसरा उभ्या दिशेने वेगाने हलवितो. किरणाचा बिंदू तीच वाट सेकंदात अनेकदा गिरवितो आणि दृष्टिसातत्यामुळे प्रेक्षकास अखंड रेषा दिसते. येथेच या माध्यमाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही आहेत. लेसर बाह्यरेषा रेखाटतो. पृष्ठभाग भरून काढणे, छायाप्रकाशाची घनता देणे त्यास फारसे साधत नाही. शिवाय वेळ मर्यादित असल्याने आकृतीत जितक्या रेषा अधिक, तितके चित्र लुकलुकू लागते. म्हणून लेसरच्या चित्रकारास सतत वगळावे लागते.

स्टोन माउंटनच्या प्रयोगात या वगळण्यास वेगळाच अर्थ प्राप्त होतो. शिल्पाच्या कडांवरून प्रकाशरेषा फिरते, घोडे सजीव होतात आणि तिघे स्वार दगडातून सुटून दौडू लागतात. दगडात निदान वजन आहे, छिन्नीच्या खुणा आहेत, ते कोणी व केव्हा कोरले हे विचारण्यास जागा आहे. रेषेत यांपैकी काहीच उरत नाही. वस्तुतः जॅक्सन १८६३ च्या मे महिन्यातच मरण पावला, तर डेव्हिस युद्धाच्या अखेरीस पलायन करीत असता पकडला गेला. प्रकाशातील दौड मात्र अखंड आणि अपराजित आहे.

तलवारीचे दोन तुकडे

या दृश्याचा कळस म्हणजे लीने आपली तलवार गुडघ्यावर मोडणे. तिचे दोन तुकडे देशाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग बनतात आणि पुन्हा एकरूप होतात. ९ एप्रिल १८६५ रोजी लीने शरणागती पत्करली, तेव्हा असे काही घडले नव्हते. शरणागतीच्या अटींनुसार अधिकाऱ्यांना आपली शस्त्रे जवळ ठेवण्याची मुभा होती. अर्थात कलाकृतीने इतिहासाची नक्कल करावी असा आग्रह धरता येणार नाही. प्रश्न रूपकाच्या घडणीचा आहे. तलवारीचे तुकडे दोनच होतात. ज्यांच्या गुलामगिरीवरून हे युद्ध पेटले, त्या सुमारे ४० लाख माणसांसाठी या रूपकात तिसरा तुकडा नाही. समेट होतो तो दोन सैन्यांचा. शिवाय पराभूत सेनापतीच समेटाचा कर्ता ठरतो.

दृश्यास साथ देणारे, एल्व्हिस प्रेस्लीच्या आवाजातील ‘ॲन अमेरिकन ट्रिलॉजी’ हे गीत या संदर्भात बोलके आहे. त्यात तीन जुन्या गीतांची गुंफण आहे : एक दक्षिणेचे, एक उत्तरेचे आणि तिसरे कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांशी नाते सांगणारे. संगीतात असलेला हा तिसरा स्वर तलवारीच्या रूपकातून मात्र निसटतो. कान जे ऐकतो, ते डोळ्यांना दाखविले जात नाही.

मराठी वाचकास ही उणीव चटकन जाणवेल. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. युद्ध संपून आठच वर्षे झाली असता पुण्यातील एका विचारवंतास त्याचे जे मर्म दिसले, तेच त्या देशातील कड्यावरच्या प्रकाशातून गळावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

साधारणीकरण की विस्मरण?

या प्रयोगाच्या बाजूने असे म्हणता येईल की, तो एकोप्याची भावना जागवितो; हिरवळीवर सर्व वंशांची कुटुंबे एकत्र बसून तो पाहतात. भारतीय काव्यशास्त्राच्या भाषेत, विशिष्टाचे बंध गळून भावाचे साधारणीकरण होते. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. फ्लोरिडातील एपकॉट उद्यानात १९९९ ते २०१९ या काळात चाललेल्या ‘इल्युमिनेशन्स : रिफ्लेक्शन्स ऑफ अर्थ’ या प्रयोगात २८ फूट व्यासाच्या पृथ्वीगोलावर मानवसंस्कृतीची दृश्ये उमटत. तेथील सर्वसामान्य मानवतेचे आवाहन स्वीकारता येते. कारण मध्यभागी असलेल्या कृत्रिम तलावास स्वतःची स्मृती नाही. स्टोन माउंटनचा कडा मात्र स्मृतीने भरलेला आहे. विशिष्टाचा अनुभव घेऊन त्याच्या पलीकडे जाणे हे साधारणीकरण होय. विशिष्ट आधीच पुसून टाकणे हे विस्मरण होय.

निष्कर्ष

१. लेसरची रेषा तटस्थ साधन नाही. काय रेखाटावे आणि काय अंधारात ठेवावे, ही निवडच आशय घडविते.

२. २०११ नंतर या प्रयोगात पृष्ठभागाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेणाऱ्या प्रक्षेपणाची भर पडली. त्यामुळे चित्रे भरीव होऊ शकली. परंतु वगळण्याचे तांत्रिक कारण दूर झाले की वगळण्याची जबाबदारी सर्वस्वी निर्मात्यावर येते.

३. जॉर्जियाच्या २००१ च्या कायद्याने या शिल्पास संरक्षण दिले आहे. त्याचा खरा इतिहास प्रदर्शनातून मांडण्याचा ठराव उद्यानाच्या नियामक मंडळाने २०२१ मध्ये केला. अशा स्थितीत दगडास धक्का न लावता त्याच्यावर भाष्य करू शकणारे माध्यम प्रकाश हेच होय. तो शिल्पास प्रश्न विचारू शकतो, त्यावर वगळलेल्यांचे चेहरे उमटवू शकतो, किंवा त्यास रात्रभर अंधारातही ठेवू शकतो. तलवारीच्या दृश्याने यांपैकी काहीही केले नाही; त्याने घोड्यांना दौडविले.