कर्ता आणि करविता : राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या लेखापरीक्षण-अहवालाचे एक भाषिक परीक्षण

१

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी दिल्ली येथे ३ ते १४ ऑक्टोबर २०१० या काळात भरलेल्या एकोणिसाव्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेसंबंधी सिद्ध केलेला अहवाल ५ ऑगस्ट २०११ रोजी संसदेपुढे आला. सातशेहून अधिक पृष्ठांच्या या अहवालाची त्या वेळी झालेली चर्चा मुख्यतः त्यातील रकमांच्या अनुषंगाने झाली. रकमा मोठ्या होत्या, तेव्हा ते स्वाभाविकच होते. तथापि हा अहवाल हिशेबाचे टिपण असून शिवाय एक गद्यलेखनही आहे. सार्वजनिक पैसा कोणी, कोणाच्या सांगण्यावरून व कोणाच्या वतीने खर्च केला, हे सांगणे हे त्या गद्याचे प्रयोजन. ते प्रयोजन त्याची वाक्यरचना कितपत साधते, हा भाषाभ्यासकाने विचारावा असा प्रश्न होय.

अहवाल मूळ इंग्रजीत आहे. त्याला मराठी व्याकरणाची कसोटी लावणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु एका भाषेतील विधान दुसरीत आणताना मूळ विधानात काय अध्याहृत राहिले आहे ते उघडे पडते, हा भाषांतराचा नित्याचा अनुभव आहे. प्रस्तुत परीक्षणाची पद्धती ती हीच.

२

‘खर्च वाढला’ आणि ‘खर्च वाढविला’ ही दोन वाक्ये मराठीत भिन्न आहेत. पहिल्यात क्रियापद अकर्मक असून खर्च हाच कर्ता आहे. तो झाडासारखा आपोआप वाढतो. दुसऱ्यात खर्च हे कर्म होते आणि वाढविणाऱ्याची चौकशी अपरिहार्य ठरते. इंग्रजीत ‘इन्क्रीज’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करीत असल्यामुळे तेथील लेखकाला ही निवड करावी लागत नाही. मराठी भाषांतरकाराला ती प्रत्येक वाक्यात करावी लागते.

अहवालातील एक उदाहरण घ्यावे. कॅनॉट प्लेस या वास्तुसमूहाच्या जीर्णोद्धाराचा नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा २००५ मधील अंदाज ७६ कोटी रुपयांचा होता. २००७ मध्ये तो ६७१ कोटींवर गेला. आणि स्पर्धा संपली तेव्हाही काम अपूर्णच होते. या जवळजवळ नऊपट आकड्याला कचेरीच्या मराठीत ‘सुधारित अंदाज’ म्हणतात. ‘सुधारणे’ या क्रियापदाचा व्यवहारातील अर्थ ध्यानात घेता ही संज्ञा किती भ्रामक आहे हे निराळे सांगावयास नको. अंदाज सुधारला नाही. तो कोणीतरी बदलला, आणि बदलण्यास कोणीतरी मान्यता दिली.

हीच जोडी ‘वळणे’ व ‘वळविणे’ या क्रियापदांत आहे. दिल्लीतील अनुसूचित जातींसाठी असलेल्या विशेष घटक योजनेचा सहाशे कोटींहून अधिक निधी स्पर्धेच्या कामांकडे गेला आणि तसे होणे अयोग्य होते, हे २०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत मान्य केले. निधी नदीसारखा वळत नाही. ज्यांच्या वस्तीसाठी तो होता त्यांच्या दृष्टीने ‘वळला’ आणि ‘वळविला’ यांतील एका अक्षराचे अंतर केवळ व्याकरणाचे नाही.

येथे एका प्रचलित समजाचा निरास केला पाहिजे. शासकीय भाषेतील दोषांचे खापर कर्मणी प्रयोगावर फोडण्याची रीत इंग्रजी लेखनशिक्षणातून आपल्याकडे आली आहे. मराठीपुरती ती चुकीची आहे. ‘पालिकेने रस्ता खोदला’ हा कर्मणी प्रयोगच असून त्यात पालिका तृतीया विभक्तीत ठळकपणे उभी आहे. दोष आहे तो ‘रस्ता खोदण्यात आला’ या रचनेत. कारण तेथे कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण वाटते. प्रश्न प्रयोगाचा नसून कर्तृलोपाचा आहे.

३

हा लोप महालेखापरीक्षकांच्या अहवालात सरसकट आढळतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, बहुतेक ठिकाणी यंत्रणेचे नाव स्पष्ट दिले आहे, हा त्याचा मोठा गुण मानला पाहिजे. दिल्ली महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद, दिल्ली शासनाचा सार्वजनिक बांधकाम विभाग, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि दिल्ली विकास प्राधिकरण यांच्या कामांची छाननी पृथकपणे केलेली आहे. रस्त्यांच्या सुशोभनावर दर किलोमीटरला सरासरी ४.८ कोटी रुपये खर्ची पडले आणि त्यामागे एकसूत्री योजना नव्हती, हा निष्कर्ष अशा छाननीतूनच निघाला. अधिकार व उत्तरदायित्व एका ठिकाणी एकवटलेले नव्हते, समित्या निर्माण होत व विसर्जित होत, हेही अहवाल निःसंदिग्धपणे सांगतो.

मर्यादा दिसते ती पुढल्या पायरीवर. पाणिनीने क्रियेत जो स्वतंत्र असेल त्यास कर्ता म्हटले. आणि त्या कर्त्याला क्रियेस प्रवृत्त करणारा जो, त्यास ‘हेतू’ ही संज्ञा देऊन कर्ता ही संज्ञाही त्याच्याकडे कायम ठेवली. करणारा कर्ता आहे तसाच करविणाराही कर्ता आहे. मराठीच्या नित्य बोलण्यातील ‘कर्ताकरविता’ हा जोडशब्द हेच सांगतो. स्थानिक संस्था व शासन यांचा संबंध समजून घेण्यास या दोन संज्ञांइतके नेमके साधन क्वचितच मिळेल.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत, आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या विषयांत घातल्या. परंतु नोव्हेंबर २००३ मध्ये दिल्लीला यजमानपद मिळाले ते केंद्र शासनाच्या हमीच्या बळावर. संयोजन समितीच्या उत्पन्नखर्चात पडणारी तूट भरून देण्याचे वचनही केंद्राचेच. मुदत बाहेरून ठरली, हमी वरून आली, आणि फावडे स्थानिक यंत्रणेच्या हाती पडले. या यंत्रणाही एका जातीच्या नव्हत्या. महानगरपालिका लोकनियुक्त, नवी दिल्ली नगरपालिका परिषदेसाठी रहिवाशांची वेगळी निवडणूक होत नाही, विकास प्राधिकरण तर केंद्राच्या अखत्यारीतील. ‘स्थानिक संस्था’ हे एकच सामान्यनाम या तिघांना लावले की मतदाराला उत्तर देणारी संस्था आणि मंत्रालयाला उत्तर देणारी संस्था यांतील भेद पुसला जातो.

मराठीत ‘जबाबदारी’ हा फारसी घडणीचा शब्द आणि ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत घडणीचा शब्द समानार्थी म्हणून वापरतात. व्यवहारात मात्र पहिल्याचा अर्थ ‘अंगावर असलेले काम’ असा झाला आहे, तर दुसऱ्याने मूळचा ‘उत्तर देण्याचे बंधन’ हा अर्थ टिकविला आहे. दिल्लीत जबाबदारी खाली उतरली. उत्तरदायित्व मात्र कोठे थांबले ते सांगता येत नाही. अहवाल प्रयोज्य यंत्रणेला बहुधा स्वतंत्र कर्ता समजून दोष देतो. तिला प्रवृत्त करणाऱ्याचा उल्लेख दुसऱ्या प्रकरणात येतो. दोन्ही कर्ते एका वाक्यात क्वचितच भेटतात.

याचा अर्थ स्थानिक यंत्रणा निर्दोष होत्या असा नव्हे. कॅनॉट प्लेसच्या उदाहरणात जुन्या नागरी योजनेला स्पर्धेचे निमित्त लाभलेले दिसते. करविणारा असला म्हणून करणारा सुटत नाही. व्याकरणही त्याला सोडीत नाही.

४

संयोजन समितीविषयीची प्रकरणे अहवालाचा सर्वांत समर्थ भाग होत, कारण तेथे वाद मुळात नामाचा आहे. यजमानपदासाठी मांडलेल्या प्रस्तावात समिती शासनाच्या वर्चस्वाखालील संस्था असेल असे चित्र होते. २००५ मध्ये ती नोंदणीकृत बिनसरकारी संस्था म्हणून अस्तित्वात आली. पैसा शासनाचा, संस्था खाजगी. स्पर्धा आपला खर्च आपणच भागवील, या आश्वासनावर हा पैसा कर्ज म्हणून दिला गेला. १,७८० कोटींच्या अपेक्षित उत्पन्नापैकी ६८२ कोटींचीच निश्चिती झाली, आणि वजावटी जाता हाती आलेले निव्वळ उत्पन्न सुमारे १७४ कोटी होते. फेडीची शक्यता नसलेल्या रकमेला ‘कर्ज’ म्हणणे हा अर्थशास्त्राइतकाच शब्दार्थशास्त्राचा दोष आहे. ‘अनुदान’ हा खरा शब्द वापरला असता तर त्यासोबत येणाऱ्या अटीही पाळाव्या लागल्या असत्या.

समिती माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते की नाही, हा वाद न्यायालयात गेला आणि ती ठरते असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये दिला. स्पर्धेला त्या वेळी नऊ महिने उरले होते. ज्या संस्थेचे नाव निश्चित करण्यास न्यायालय लागते, तिच्याकडून उत्तर मिळविण्यास किती काळ लागेल याची कल्पना येऊ शकते.

‘निकड’ या कल्पनेचे अहवालाने केलेले विश्लेषणही स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. २००३ ते २००६ ही वर्षे निर्णयाविना गेली; नंतर वेळ उरला नाही म्हणून निविदांचे नियम बाजूस सारले गेले. ही निकड कृत्रिम, किंबहुना बुद्ध्या निर्माण केलेली होती, असा अहवालाचा अभिप्राय आहे. केंद्राच्या वाट्याचा प्रारंभीचा अंदाज २९७ कोटींचा. केंद्र, दिल्ली शासन व अन्य यंत्रणा मिळून अखेरचा आकडा १८,५३२ कोटींचा. दोन्हींची व्याप्ती भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करणे शास्त्रशुद्ध नाही. परंतु पहिल्या आकड्याची व्याप्ती प्रारंभीच स्पष्ट न करणे हेही निकडीच्या त्याच शैलीचे अंग होय. ‘मुदत उलटली’, ‘वेळ संपला’, ‘पूल कोसळला’ ही सारी अकर्तृक वाक्ये याच शैलीतून येतात. २१ सप्टेंबर २०१० रोजी जवाहरलाल नेहरू क्रीडागाराजवळचा पादचारी पूल पडून वीसहून अधिक कामगार जखमी झाले, तेव्हा त्या वाक्याला कर्ता शोधणे हे केवळ वाक्यपृथक्करण राहिले नाही.

५

अन्यत्र हा प्रश्न कसा सुटला, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. माँट्रियल नगराने १९७६ च्या ऑलिम्पिक स्पर्धेचा भार स्वतः उचलला. नगराच्या आवाक्यापलीकडे गेलेले काम क्वेबेक प्रांताला हाती घ्यावे लागले, आणि तंबाखूवरील कराच्या साहाय्याने ते ऋण २००६ मध्ये फिटले. १९८० मध्ये आलेल्या मालूफ आयोगाच्या अहवालाने नगराध्यक्षाचे उत्तरदायित्व स्पष्ट शब्दांत मांडले. परंतु तोवर ऋण झालेले होते. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी मात्र १९७८ मध्येच, परत न मिळणारा नगराचा पैसा १९८४ च्या स्पर्धेवर खर्च करता येऊ नये, अशी तरतूद नगराच्या सनदेत केली. परिणामी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला नगराच्या आर्थिक हमीचा आग्रह सोडावा लागला आणि ती स्पर्धा तेवीस कोटी डॉलरांच्या आसपास शिल्लक टाकून संपली. एका नगरात कर्त्याचे नाव खर्चानंतर लिहिले गेले, दुसऱ्यात खर्चापूर्वी. दोन्ही स्पर्धांच्या परिस्थितीत इतरही भेद होते. लॉस एंजेलिसला जुनी क्रीडागारे उपलब्ध होती. तथापि वाक्य कोणत्या वेळी लिहिले जाते याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

६

लेखापरीक्षण स्वभावतःच भूतकाळात बोलते, आणि भूतकाळी कर्मणी रचना त्याला अपरिहार्य आहे. तेव्हा प्रस्तुत अहवालावरील मुख्य आक्षेप त्याच्या प्रामाणिकपणाविषयी नाही. त्याने करणाऱ्यांची नावे दिली, करविणाऱ्यांचीही दिली. त्यांना एका क्रियेत बांधण्याचे काम मात्र वाचकावर सोडले. हे बांधणे अशक्य नव्हते. प्रत्येक प्रमुख खर्चापुढे तीन रकाने पुरेसे होते : काम कोणी केले, पैसा व मुदत कोणी ठरविली, आणि त्यांपैकी कोण कोणत्या सभागृहाला उत्तर देण्यास बांधलेला होता. तिसरा रकाना अनेक ठिकाणी रिकामा राहिला असता. परंतु तो रिकामेपणा हाच अहवालाचा सर्वांत बोलका निष्कर्ष ठरला असता.

या विवेचनाला केवळ ऐतिहासिक मूल्य आहे असे समजण्याचे कारण नाही. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचे यजमानपद राष्ट्रकुल क्रीडा संघटनेच्या सर्वसाधारण सभेने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला दिले. तेथेही केंद्र, राज्य, महानगरपालिका आणि संयोजक अशा अनेक कर्त्यांचा मेळ घालावा लागणार. त्यांच्यातील करारांची भाषा ‘करण्यात येईल’ अशी असणार की ‘अमुक करील व तमुक करवील’ अशी असणार, हे खर्चाचे पहिले बिल निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. शासनव्यवहाराच्या भाषेचा अभ्यास विद्यापीठीय मराठीच्या कक्षेबाहेर ठेवण्याची प्रथाही या निमित्ताने पुन्हा तपासली पाहिजे; कारण कर्ता ओळखण्याचे शिक्षण देणारे शास्त्र व्याकरणच आहे, आणि त्याचा उपयोग परीक्षेपुरता मर्यादित ठेवण्यात नागरिकांचे नुकसान आहे.