निवडक गीते आणि ना. वा. टिळकांचे दोन वाचकवर्ग

एखाद्या गीतकाराच्या लोकप्रिय रचनांचे निवडक संकलन ही वरकरणी बाजारातील सोय वाटते. वस्तुतः ती एक समीक्षात्मक कृती असते. डीसी टॉक या रॅपपासून आरंभ करून पुढे रॉककडे वळलेल्या अमेरिकन ख्रिस्ती गायकत्रयीचे ‘इंटरमिशन’ हे संकलन 2000 मध्ये निघाले. अशा संकलनात रचनांचा मूळ क्रम मोडतो, कलावंताची वाटचाल सपाट होते आणि श्रोत्यांची पसंती हीच रचनेची कसोटी ठरते. रॅपचा आकृतिबंध चर्चमध्ये जन्मलेला नाही. तो उसना घेतल्यावर श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न अशा संकलनात सहसा दडून जातो.

हाच प्रश्न मराठीत नारायण वामन टिळक (1861-1919) यांच्या निमित्ताने उभा राहतो. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीच्या मराठीत दोन निवडी रूढ झाल्या. ‘केवढे हे क्रौर्य!’ सारख्या कवितांनी क्रमिक पुस्तकांतील टिळक घडविले, ते फुलामुलांचे कवी. ‘उपासना संगीता’ने मंडळीच्या उपासनेतील पदकार टिळक जतन केले. पहिल्या निवडीत ख्रिस्त जवळजवळ नाही; दुसरीत पदे उपासनेच्या गरजेनुसार येत असल्याने कवीचा आंतरिक संघर्ष विरून जातो. प्रत्येक वाचकवर्गाच्या वाट्याला अर्धाच कवी आला.

हे अर्धेपण ओलांडायचे तर आकृतिबंधापासून आरंभ करावा लागेल. मोठ्या अभंगाच्या 6-6-6-4 अक्षरांच्या चार चरणांत अखेरचा आखूड चरण निष्कर्षासारखा टेकतो. तुकोबांची पालखी ज्या बारामती-इंदापूर वाटेने पंढरपूरला जाते, त्या टापूतील लोणी भापकरसारख्या गावी भजन ऐकत वाढलेल्या श्रोत्याच्या कानात ही लय आधीच मुरलेली असते. टिळकांचा अभंग त्याच्या कानाला परका वाटणार नाही. मात्र विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव येताच तो थबकेल. ओळख आणि परकेपण यांचा हा एकाच क्षणी येणारा अनुभव हेच या रचनेचे काव्यगत बळ होय.

अभंग हे केवळ पात्र आहे आणि त्यात नवा आशय ओतला गेला, असे म्हणता येईल काय? मला ते मान्य नाही. टिळक ख्रिस्ताला एकाच वेळी माय आणि गुरू म्हणून आळवितात. विठोबाला माउली म्हणणाऱ्या परंपरेचा हा वारसा आहे. पित्याच्या प्रतिमेभोवती उभ्या असलेल्या ईश्वरकल्पनेत येथे मातृत्वाचा ओलावा शिरतो. आकृतिबंधाने आशयाला वाहून नेताना त्याचा भावही पालटला आहे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारला, ही घटना त्यांच्या काव्यातील या स्थित्यंतराशी सुसंगतच म्हटली पाहिजे.

‘भक्तिगीत’ असा शिक्का मारून ही पदे बाजूला ठेवणारी समीक्षा तुकोबांच्या अभंगांना मात्र निःसंकोच काव्य मानते. हा दुहेरी निकष तिने तपासला पाहिजे. टिळकांच्या दोन्ही निवडी एकत्र ठेवून, कालक्रमाने वाचल्या जातील तेव्हाच फुलापाशी थांबणारा कवी आणि ख्रिस्तापाशी थांबणारा भक्त यांच्यातील नाते आपल्याला उमगू लागेल.